मजल आणि मर्यादा : लांब पल्ल्याच्या घोडदौडीतील ‘बाद’ नियमांचा ऐतिहासिक विचार

१. प्रास्ताविक

अश्वविद्येवर उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत बरेच लेखन झाले आहे. घोड्याची जात, रंग, अंगावरचे भोवरे, चाल, वेग आणि स्वामिनिष्ठा यांची वर्णने त्यात विपुल आढळतात. परंतु दमलेल्या घोड्याला कुठे थांबवावे आणि तो थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या लेखनात क्वचितच स्वतंत्रपणे विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आजच्या काळात हा प्रश्न सर्वांत स्पष्ट स्वरूपात ‘एन्ड्युरन्स रायडिंग’ या क्रीडाप्रकारात दिसतो. यात एकाच घोड्यावरून एका दिवसात ८०, १२० किंवा १६० किलोमीटर अंतर पार करायचे असते. या खेळाचे वैशिष्ट्य असे की मोठ्या स्पर्धांमध्ये सुरुवात करणाऱ्या घोड्यांपैकी पुष्कळसे शेवटपर्यंत पोहोचत नाहीत आणि त्यांतील बहुतेकांना पशुवैद्यांनी वाटेतच थांबवलेले असते. ‘हा घोडा आता पुढे जाणार नाही’ असे पशुवैद्यांनी सांगितले की स्वार कितीही नामवंत असो किंवा मालक कितीही श्रीमंत असो, घोडा बाद होतो.

आपल्या नियतकालिकात हा विषय घेण्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की प्राण्यावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकू नये हे तत्त्व इस्लामी परंपरेत फार पूर्वीपासून नोंदलेले आहे आणि आपण ते अभिमानाने सांगतो. दुसरे कारण तितके सुखद नाही. गेल्या दोन दशकांत या खेळाला सर्वांत मोठा कलंक जिथे लागला, तो प्रदेशही मुस्लिमबहुल आहे. पहिली गोष्ट सांगून दुसरी झाकून ठेवली तर ते इतिहासलेखन होणार नाही, प्रचार होईल.

२. शब्दांची साक्ष

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला मंडळ हा पैनगंगेलगतचा सीमाभाग. नदीपलीकडे महाराष्ट्राचे यवतमाळ आणि चंद्रपूर हे जिल्हे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो आंध्र प्रदेशात आणि २०१४ मध्ये तेलंगणात आला. या भागात मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणाऱ्या अध्यापकाच्या एक गोष्ट रोज ध्यानात येते. घोड्याभोवतीची मराठी शब्दसंपत्ती आणि उर्दू शब्दसंपत्ती जवळजवळ एकच आहे. लगाम, जीन, खोगीर, तंग, रिकीब, तोबरा, खरारा, चाबूक, नालबंद, बारगीर हे शब्द मराठी शेतकऱ्याला परके वाटत नाहीत. मराठीतील ‘पागा’ हा फारसी ‘पायगाह’ आहे. हैदराबादच्या ज्या सरदार घराण्यांकडे निजामाच्या सैन्यातील घोडदळ होते, ती ‘पायगाह’ घराणी म्हणूनच ओळखली गेली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यांतील दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला ‘मजल’. अरबी ‘मंजिल’चे हे मराठी रूप. मंजिल म्हणजे उतरण्याची जागा. त्यावरून एका दिवसात जेवढे चालून मुक्कामाला उतरायचे तेवढे अंतर, असा अर्थ मराठीत रूढ झाला. ‘मजल दरमजल करीत’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. म्हणजे मजल हे केवळ अंतराचे माप नाही. माणसाने आणि जनावराने एका दिवसात किती चालावे याची मर्यादाही त्यात अंतर्भूत आहे.

दुसरा शब्द ‘कोतल’. स्वार न बसवता सोबत चालवत नेलेला राखीव घोडा म्हणजे कोतल घोडा. बसलेला घोडा दमला की स्वार कोतल घोड्यावर चढे. पूर्वीच्या जगात लांब आणि वेगवान प्रवास घोड्याच्या एकट्याच्या दमावर होत नसे, तो घोडे बदलून होत असे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्ने बतूता याने इथल्या घोडेस्वार डाकेची नोंद केली आहे. त्याच्या वर्णनानुसार दर चार मैलांवर सरकारी घोडे तयार ठेवलेले असत. मराठ्यांच्या वेगवान मोहिमांचे रहस्यही हलके सामान, काटक दख्खनी तट्टे आणि हाताशी असलेले जादा घोडे यांत होते.

घोड्याच्या थकव्यावर इतिहासाने एकूण तीन उपाय शोधल्याचे दिसते. पहिला, घोडा बदलणे. दुसरा, अंतर कमी करणे. तिसरा, तपासणी करून घोड्याला थांबवणे. पहिला उपाय डाकेचा आणि लष्कराचा. दुसऱ्याचा महत्त्वाचा दाखला मदीनेत सापडतो. तिसरा मात्र बऱ्याच अंशी आधुनिक आहे.

३. मदीनेतील शर्यत आणि तिचे नियम

हजरत मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती घेतल्याची हदीस बुखारी यांच्या संग्रहात आहे. या शर्यतीत घोड्यांचे दोन गट केले होते. जे घोडे शर्यतीसाठी विशेष पद्धतीने तयार केलेले होते, त्यांची दौड अल-हफ्या या ठिकाणापासून सनिय्यतुल विदापर्यंत होती. जे तसे तयार केलेले नव्हते, त्यांची दौड सनिय्यतुल विदापासून बनू जुरैक यांच्या मशिदीपर्यंत होती. निवेदकांपैकी सुफ्यान यांनी पहिले अंतर पाच ते सहा मैल आणि दुसरे एक मैल असल्याचे सांगितले आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर यांनी स्वतः या शर्यतीत भाग घेतला होता.

घोडा तयार करण्याच्या या पद्धतीला ‘तजमीर’ म्हणतात. घोड्याला आधी भरपूर खाऊ घालून अंगावर आणायचे, नंतर खुराक हळूहळू कमी करायचा, झूल घालून घाम काढायचा आणि अशा रीतीने मांस घट्ट करून दम वाढवायचा, असे तिचे स्वरूप आहे. अशी तयारी झालेल्या आणि न झालेल्या घोड्यांसाठी वेगवेगळे अंतर ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. शर्यतीचे अंतर प्रेक्षकांच्या हौसेवरून न ठरता घोड्याच्या तयारीवरून ठरावे, असे तत्त्व त्यातून निघते. आजच्या एन्ड्युरन्स खेळातही नवख्या घोड्याला एकदम १६० किलोमीटरच्या स्पर्धेत उतरवता येत नाही. लहान अंतराच्या स्पर्धा त्याने आधी यशस्वीपणे पूर्ण केलेल्या असाव्या लागतात.

दुसरा उल्लेख त्याहूनही सूचक आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये ‘जलब’ आणि ‘जनब’ या दोन गोष्टींना मनाई आहे. या शब्दांचा एक अर्थ जकात वसुलीच्या पद्धतीशी जोडला जातो. परंतु शर्यतीच्या संदर्भात भाष्यकारांनी दिलेला अर्थ असा : जलब म्हणजे घोड्याच्या मागे माणसे लावून आरडाओरड करणे आणि त्याला भिऊन पळायला लावणे. जनब म्हणजे शेजारून ताजा घोडा चालवत नेणे आणि पहिला दमला की त्यावर उडी घेणे. आपल्या भाषेत सांगायचे तर शर्यतीत कोतल घोड्याला मनाई.

या दोन मनाया एकत्र वाचल्या पाहिजेत. घोडा बदलायचा नाही आणि दमलेल्या घोड्याला बाहेरून हाकलायचेही नाही, असे ठरले की शर्यत त्या एकाच घोड्याच्या स्वाभाविक शक्तीवर येऊन ठेपते. मग अंतराला मर्यादा घालणे क्रमप्राप्त होते. मदीनेतील पाच-सहा मैलांची दौड या तर्कात नेमकी बसते.

४. मुहतसिब आणि बैतार

नीतीचा उपदेश आणि त्याची अंमलबजावणी यांत अंतर असते. उपाशी ठेवून राबवलेल्या उंटाच्या मालकाला हजरत मुहम्मद (स.) यांनी जाब विचारल्याचा प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे आणि तो आपल्या वर्गांत पुष्कळदा सांगितला जातो. पण उंटाचा मालक ऐकत नसेल तर त्याला अडवायचे कोणी? या प्रश्नाला नंतरच्या काळातील विधिज्ञांनी जे उत्तर दिले, ते वर्गांत क्वचितच पोहोचते.

ते उत्तर म्हणजे ‘मुहतसिब’ हा अधिकारी. बाजार, वजने-मापे आणि सार्वजनिक व्यवहार यांवर त्याची देखरेख असे. १०५८ मध्ये मृत्यू पावलेले अल-मावर्दी यांनी राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की मालक आपल्या जनावराला न झेपणारे काम लावत असेल, तर मुहतसिबाने त्याला रोखावे. बाराव्या शतकातील अश-शैजरी यांच्या मुहतसिबांसाठीच्या मार्गदर्शिकेत बैतारांवर, म्हणजे पशुवैद्य व नालबंदांवर, स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातून दिसते की या व्यावसायिकाचे ज्ञान आणि काम हे सार्वजनिक तपासणीचे विषय होते. १२६२ मध्ये मृत्यू पावलेले इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम यांनी तर माणसावर असलेले जनावरांचे हक्कच मोजून दाखवले. जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च चालवणे आणि त्याच्यावर शक्तीपलीकडे भार न टाकणे, हे त्यांतील प्रमुख हक्क होत.

यात एक महत्त्वाची पायरी ओलांडलेली आहे. जनावर मालकाच्या मालकीचे असले तरी त्याच्या श्रमाची मर्यादा मालक एकटा ठरवणार नाही. तिसऱ्या माणसाला, ज्याचा त्या कामात नफा नाही अशा माणसाला, मध्ये पडण्याचा अधिकार आहे. आधुनिक ‘बाद’ नियमाचे बीज माझ्या मते याच जागी आहे. शर्यतीच्या हदीसमध्ये मर्यादा मिळते, मुहतसिबाच्या संस्थेत ती मर्यादा लागू करणारा माणूस मिळतो.

५. दख्खन : सालोतर, दाग आणि चिपळूणचे पत्र

दख्खनमध्ये या परंपरेची गाठ भारतीय अश्वविद्येशी पडली. शालिहोत्र ऋषींच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संस्कृत अश्ववैद्यकाचा फारसी अनुवाद बहमनी काळात झाला. त्याचा अनुवादक म्हणून अब्दुल्लाह बिन सफी याचे नाव येते. ‘शालिहोत्र’चे फारसी-उर्दूत ‘सालोतर’ झाले आणि घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणू लागले. एका ऋषीचे नाव अशा रीतीने मुसलमान तबेल्यांतील व्यवसायाचे नाव बनले. पुढे उर्दूतही ही परंपरा आली. रेख्ती काव्यप्रकारासाठी ओळखले जाणारे सआदत यार खान रंगीन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उर्दूत ‘फरसनामा’ लिहिला. फिलॉट या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे इंग्रजी भाषांतर १९११ मध्ये प्रसिद्ध केले.

राज्यकारभाराच्या पातळीवर घोड्याची नोंद ठेवण्याची पद्धत अलाउद्दीन खिलजीच्या काळात (१२९६-१३१६) कडक झाली. घोड्याला ‘दाग’ म्हणजे डाग देणे आणि स्वाराचा ‘हुलिया’ लिहून ठेवणे, हे तिचे दोन भाग. एकच घोडा दोनदा दाखवून पगार उकळण्याचे प्रकार त्यामुळे रोखता येत. अकबराच्या काळात हीच पद्धत विस्तारली. ‘आईने अकबरी’त तबेल्यातील खुराकाचे तपशील आहेत आणि जनावरे रोडावली तर संबंधित नोकरांना दंड करण्याची तरतूदही आहे. आजच्या स्पर्धांतील घोड्यांचे पासपोर्ट आणि कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप पाहिली की दाग-हुलियाची आठवण होते. घोड्याची ओळख निश्चित नसेल तर त्याच्यावरचा कोणताही नियम लागू करता येत नाही.

मराठेशाहीतही घोड्याची व्यवस्था पद्धतशीर होती. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी, असे तिचे स्वरूप होते. पाणी आणि नाल या लांब चालीच्या दोन मुख्य गरजा. त्यांसाठी माणूस नेमून दिला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

याहून बोलका पुरावा म्हणजे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळील छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेले महाराजांचे पत्र. रयतेला त्रास देऊ नका, या आज्ञेसाठी ते प्रसिद्ध आहे. परंतु त्याचा अर्धा भाग घोड्यांविषयी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच मनमानीने उधळला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. चुली, चिलमी आणि रात्री जळत राहिलेले दिवे यांमुळे गवताला आग लागेल आणि घोडी जातील, असा इशाराही आहे. मृत्यू नैसर्गिक दिसला तरी निष्काळजीपणा करणारा त्याला जबाबदार, हे तत्त्व इथे स्पष्ट शब्दांत मांडले आहे.

तथापि या सर्व दाखल्यांचा अर्थ लावताना संयम हवा. फरसनामे, आईन आणि पागेची व्यवस्था यांत घोडा ही प्रामुख्याने राज्याची दौलत आहे. त्याची काळजी घेतली जाते, कारण तो लढाईत उपयोगी आहे. प्रसंग पडला तर तोच घोडा मरेपर्यंत पिटाळला जाई आणि त्याबद्दल कोणी जाब विचारत नसे. ‘आमच्याकडे हे सर्व पूर्वीच होते’ असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य ठरते. तत्त्व होते, व्यवस्था होती, तपासणीही होती. परंतु चालू दौड मध्येच थांबवून घोड्याला बाजूला काढण्याचा नियम नव्हता.

६. १८९२ ची दौड आणि १९५५ चा प्रयोग

तो नियम कसा आला हे पाहण्यासाठी युरोपकडे वळावे लागते. ऑक्टोबर १८९२ मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्यांची बर्लिन-व्हिएन्ना दौड झाली. जर्मन अधिकारी बर्लिनहून व्हिएन्नाकडे आणि ऑस्ट्रियन अधिकारी व्हिएन्नाहून बर्लिनकडे निघाले. अंतर सुमारे ५८० किलोमीटर. ऑस्ट्रियाचा काउंट श्टारहेम्बर्ग सुमारे साडेएकाहत्तर तासांत पोहोचून विजयी झाला. परंतु या दौडीत दोन डझनांहून अधिक घोडे मेले आणि युरोपभर टीकेचे मोहोळ उठले.

वर सांगितलेल्या तीन उपायांच्या कसोटीवर ही दौड तपासून पाहावी. घोडा बदलण्याची मुभा नव्हती. अंतर अफाट होते. वाटेत घोड्याला सक्तीने थांबवणारा कोणी नव्हता. तिन्हीपैकी एकही उपाय न योजता स्पर्धा आणि राष्ट्राभिमान मात्र पूर्ण होता. घोडे मेले यात आश्चर्य काही नाही.

आधुनिक एन्ड्युरन्सचा आरंभ १९५५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात मानला जातो. वेंडेल रॉबी यांनी काही सहकाऱ्यांसह टाहो सरोवराच्या परिसरातून ऑबर्न या गावापर्यंतचा शंभर मैलांचा डोंगरी मार्ग एका दिवसात घोड्यावरून पार केला. ही दौड पुढे ‘टेव्हिस कप’ या नावाने दरवर्षी होऊ लागली. वाटेत पशुवैद्यांची तपासणी हा तिचा आवश्यक भाग बनला आणि दौड चांगल्या स्थितीत पूर्ण करणे हेच यश, ही दृष्टी तिथे रुजली. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने (एफईआय) १९७८ मध्ये या खेळाला मान्यता दिली.

७. घोडा बाद कसा होतो?

नियमांचे तपशील वेळोवेळी बदलत आले आहेत, पण गाभा पुढीलप्रमाणे आहे. संपूर्ण अंतर टप्प्यांत विभागलेले असते. एक टप्पा साधारणपणे चाळीस किलोमीटरच्या आत असतो. त्याला आपली जुनी ‘मजल’च म्हणावयास हरकत नाही. दौडीपूर्वी, प्रत्येक टप्प्यानंतर आणि शेवटी अशी घोड्याची तपासणी होते.

टप्पा संपवून आल्यावर ठरावीक मिनिटांच्या आत घोड्याच्या हृदयाचे ठोके मर्यादेत यावे लागतात. ही मर्यादा साधारणपणे मिनिटाला ६४ ठोके अशी आहे. यातील खुबी अशी की घोडा तपासणीला हजर करेपर्यंत त्या टप्प्याचे घड्याळ चालूच राहते. त्यामुळे घोड्याला शेवटच्या मैलात फेसाळेपर्यंत पळवणाऱ्या स्वाराचा फायदा होत नाही. त्याने वाचवलेली मिनिटे घोडा शांत होण्याची वाट पाहण्यात जातात. जो स्वार शेवटी चाल मंद करतो, प्रसंगी उतरून घोड्याबरोबर चालतो, तोच बहुधा आधी पुढे निघतो. नियम अशा रीतीने दयाबुद्धीला आवाहन न करता स्वार्थालाच दयेच्या मार्गाला लावतो.

ठोक्यांनंतर हिरड्यांचा रंग, चिमटीत धरून सोडलेली कातडी किती लवकर पूर्ववत होते, पोटातील आतड्यांचे आवाज, पाठीवरच्या जखमा आणि दुडक्या चालीतील लंगडेपणा तपासला जातो. लंगडेपणाबद्दल शंका असेल तर तीन पशुवैद्यांचे मंडळ पाहणी करते आणि प्रत्येक जण आपले मत गुप्तपणे देतो. नामवंत मालकासमोर कोणा एकावर दडपण येऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. तपासणीत उत्तीर्ण झालेल्या घोड्यालाही सक्तीची विश्रांती घेतल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. विजयरेषा प्रथम ओलांडलेला घोडा अंतिम तपासणीत अपात्र ठरला तर तोही बाद होतो. बाद झालेल्या घोड्याला पुढच्या स्पर्धेपूर्वी सक्तीची विश्रांती असते आणि कारण गंभीर असेल तर ती वाढते.

८. वाळवंटातील कसोटी

इतके नियम असूनही हा खेळ निष्कलंक राहिला नाही. आखाती देशांनी, विशेषतः संयुक्त अरब अमिरातीने, १९९० च्या दशकापासून यात प्रचंड पैसा ओतला. सपाट वाळूच्या मार्गांवर वेग वाढत गेला. घोड्यांची हाडे मोडण्याचे प्रसंग वारंवार उजेडात येऊ लागले. घोड्यांच्या कल्याणाच्या आणि नियमपालनाच्या प्रश्नावरून मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला निलंबित केले. सुधारणांचा करार झाल्यावर जुलै २०१५ मध्ये निलंबन उठले. २०१६ ची जागतिक स्पर्धा दुबईहून स्लोव्हाकियातील शामोरिन येथे हलवावी लागली. २०२० मध्ये अमिरातीच्या संघटनेवर पुन्हा निलंबनाची कारवाई झाली.

या प्रकरणातील एक दृश्य आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. स्पर्धेच्या मार्गालगत मोटारींचे ताफे धावत आणि त्यांतील माणसे हॉर्न वाजवून, ओरडून दमलेल्या घोड्यांना पुढे हाकत. हा शब्दशः ‘जलब’ आहे. ज्या भाषेत त्याची मनाई नोंदवली गेली, त्याच भाषेच्या प्रदेशात, आधुनिक नियमपुस्तिकेतही तशीच मनाई असताना, ते घडत होते. नियमाची कमतरता नव्हती. मालक, आयोजक आणि सत्ताधारी एकच झाल्यामुळे ‘थांब’ म्हणणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य उरले नव्हते.

त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की उपायाचा एक प्रयत्नही त्याच भूमीत झाला. अबुधाबीतील बू थीब येथे शेख सुलतान बिन जायेद अल नाहयान यांच्या पुढाकाराने वेगाला ताशी २० किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली आणि हृदयाच्या ठोक्यांची मर्यादा ५६ पर्यंत खाली आणली गेली. बक्षीस केवळ पहिल्या येणाऱ्याला न देता घोड्याच्या स्थितीला देण्यावर भर होता. शिवाय हा दोष केवळ आखाताचा मानणेही अन्यायाचे होईल. २०१८ मध्ये अमेरिकेतील ट्रायन येथील जागतिक स्पर्धेत उष्णता आणि आर्द्रता यांमुळे एन्ड्युरन्स दौड मध्येच रद्द करावी लागली आणि त्यानंतर एका घोड्याला मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे दयामरण द्यावे लागले.

भारतासाठी या क्षेत्रात एक आनंदाची नोंद आहे. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील निदा अंजुम चेलाट हिने २०२३ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या कनिष्ठ व युवा स्वारांच्या जागतिक स्पर्धेत ‘एप्सिलॉन सालू’ या घोड्यावरून १२० किलोमीटरची दौड पूर्ण केली. असे करणारी ती पहिली भारतीय ठरली. २०२४ मध्ये तिने वरिष्ठ गटाची १६० किलोमीटरची दौडही पूर्ण केली. इथे ‘पूर्ण केली’ या शब्दांचे वजन ओळखले पाहिजे. तिच्या घोड्याने प्रत्येक तपासणी पार केली, हा त्यांचा अर्थ आहे.

९. आपल्या सीमेवर

या भागातील वाचकाला घोड्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धा दूरच्या वाटतील. पण तोच प्रश्न आपल्या दाराशी शंकरपटाच्या रूपाने उभा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला मारणे, शक्तीबाहेर राबवणे आणि अपात्र जनावराला कामाला लावणे हे गुन्हे आहेत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

महाराष्ट्राच्या नियमांत अंतराची मर्यादा आहे, पशुवैद्याची तपासणी आहे आणि चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. म्हणजे जलबची मनाई इथेही आली. प्रश्न पुन्हा तोच उरतो. हजारोंचा जमाव, प्रतिष्ठित आयोजक आणि बक्षिसाची रक्कम समोर असताना एखाद्या तालुक्याचा पशुवैद्य ‘ही जोडी धावणार नाही’ असे म्हणू शकेल काय? आणि त्याने म्हटले तर आपण सुशिक्षित माणसे त्याच्या बाजूने उभे राहू काय?

१०. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला, लांब दौडीच्या नियमांचा इतिहास हा घोडा बदलण्यापासून, अंतर आखण्यापर्यंत आणि तिथून घोड्याला थांबवण्यापर्यंतचा प्रवास आहे. यातील दुसरा टप्पा इस्लामी परंपरेत निःसंशय आढळतो, तिसऱ्याचे बीज मुहतसिबाच्या संस्थेत आढळते, पण त्याचे पूर्ण रूप विसाव्या शतकातले आहे. दुसरा, नियम लिहिल्याने प्राणी वाचत नाही. नियम लावणारा माणूस मालकापासून स्वतंत्र असेल तरच तो वाचतो. अल-मावर्दींनी मुहतसिबाला दिलेला अधिकार आणि तीन पशुवैद्यांचे गुप्त मत यांमागील विचार एकच आहे. तिसरा, परंपरेचा अभिमान आणि परंपरेचे पालन या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सभेत दिसते. दुसरीची परीक्षा वाळवंटातल्या त्या मार्गावर झाली आणि तिथे आपण कमी पडलो.

महाविद्यालयीन अध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. उर्दूच्या वर्गात रंगीनचा फरसनामा, मराठीच्या वर्गात चिपळूणचे पत्र आणि इतिहासाच्या वर्गात मुहतसिबाची संस्था, असे तीन ठिकाणी विखुरलेले धडे एकत्र आणून शिकवता येतील. विद्यार्थी शेतकरी घरांतले आहेत. बैल, घोडा, बकरी यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध आहे. ‘मजल’ या शब्दाचा अर्थ त्यांना सांगताना एवढे सांगितले तरी पुरे की ज्याला मुक्काम ठाऊक नाही, त्याची मजल पुरी होत नाही.